पाच जणांसाठी जग जागं राहिलं, साडेसातशेंसाठी कोण?

टायटॅनिकचे अवशेष बघायला गेलेली 'टायटन' अटलांटिकच्या पोटात चिरडली, तेव्हा लोकांनी प्रार्थना केल्या, विनोद केले, शिव्याही घातल्या. त्याच आठवड्यात ग्रीसजवळ एक बोट बुडाली होती. तिच्यासाठी मात्र कुणी घड्याळ लावलं नाही...

१८ ते २२ जून २०२३. या पाच दिवसांत अर्ध्या जगाने श्वास रोखून धरला होता. आणि याच पाच दिवसांत अर्धं जग खदाखदा हसत होतं. दोन्ही एकाच घटनेवर!

घटना बहुतेकांना ठाऊक आहे, तरी थोडी उजळणी करू. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यापासून सुमारे ६०० किलोमीटर दूर, ३,८०० मीटर खोल पाण्यात 'टायटॅनिक' १९१२ सालापासून पडून आहे. ती बघायला ओशनगेट या अमेरिकन कंपनीची 'टायटन' रविवारी सकाळी पाण्यात उतरली. तिला पाणबुडी म्हणायचं खरं, पण नौदलाची पाणबुडी डोळ्यांसमोर आणू नका. ६.७ मीटर लांबीचं हे एक नळकांडं. जहाजाबरोबर भर समुद्रात न्यायचं आणि पाण्यात सोडायचं. आत बसायला खुर्ची नाही. दार बाहेरून बोल्ट आवळून बंद करायचं. आतल्यांना ते उघडता येत नाही.

आत पाच जण होते. कंपनीचा प्रमुख आणि त्या दिवशीचा चालक स्टॉक्टन रश (६१). ब्रिटिश उद्योजक हॅमिश हार्डिंग (५८). फ्रान्सचे पॉल-आंरी नार्जोले (७७), ज्यांना टायटॅनिकची खडान्‌खडा माहिती होती. आणि पाकिस्तानातल्या गडगंज दाऊद घराण्यातले शहजादा दाऊद (४८) आणि त्यांचा मुलगा सुलेमान (१९). तिकीट माणशी अडीच लाख डॉलर. तेव्हाच्या भावाने दोन कोटी रुपयांहून जास्त!

पाण्यात उतरल्यावर पावणेदोन तासांच्या आतच टायटनचा वरच्या जहाजाशी संपर्क तुटला.

उलटं धावणारं घड्याळ

'आत ९६ तास पुरेल एवढा प्राणवायू आहे,' हे जाहीर झालं आणि या बातमीची थरारकथा झाली. किती तास उरले? सत्तर... चाळीस... वीस... एका अमेरिकन वाहिनीने तर पडद्यावर उलटं धावणारं घड्याळच लावलं. अमेरिका, कॅनडा, फ्रान्स यांची विमानं, जहाजं, यंत्रं कामाला लागली. मंगळवारी कॅनडाच्या विमानाने समुद्रात टाकलेल्या ध्वनियंत्रांनी ठोकल्यासारखे आवाज टिपले. मग काय! आतून कुणीतरी भिंत ठोकतंय, असा अर्थ लोकांनी लावला. ज्यांनी आयुष्यात समुद्र नीट पाहिला नाही, तेही कार्बन डायऑक्साइड किती वाढल्यावर शुद्ध हरपते, यावर चर्चा करू लागले.

गुरुवारी, २२ जूनला, तळाशी पाठवलेल्या दूरनियंत्रित यंत्राला टायटॅनिकच्या पुढच्या टोकापासून सुमारे ५०० मीटरवर टायटनचे तुकडे दिसले. बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ती आतल्या आत चिरडली होती. ज्या खोलीवर हे घडलं, तिथे दर चौरस सेंटिमीटरवर दाब साडेतीनशे किलोच्या आसपास असतो. म्हणजे बोटाच्या नखाएवढ्या जागेवर आख्ख्या म्हशीचा भार! अशा वेळी भिंतीने दगा दिला की सगळा खेळ एका सेकंदाच्याही छोट्या अंशात आटोपतो. आतल्यांना कळायलाही वेळ मिळत नाही.

त्यानंतर आणखी एक गोष्ट बाहेर आली. अमेरिकन नौदलाच्या पाण्याखालच्या ध्वनियंत्रणेने रविवारीच, संपर्क तुटण्याच्या सुमारास, चिरडण्याशी जुळणारा आवाज टिपला होता. शोध घेणाऱ्या तटरक्षक दलाला ते कळवलंही होतं. पण तो पुरावा निर्णायक नव्हता, म्हणून शोध थांबवला नाही, असं नंतर सांगण्यात आलं. ते योग्यच झालं. एका आवाजावरून पाच माणसांना मेलेलं कोण धरेल? पण लोक भडकले. चार दिवस आम्हाला झुलवलं, हा एक सूर. या शोधाचा खर्च कुणाच्या खिशातून, हा दुसरा. उत्तर सोपं होतं: करदात्यांच्या. कायद्याने अमेरिकेचं तटरक्षक दल अशा शोधाचे पैसे कुणाकडूनही वसूल करत नाही. मग तो कोळी असो की कोट्यधीश.

हसू कशाचं आलं?

आता त्या हसण्याकडे येऊ. शोध चालू असतानाच विनोदांचा पूर आला. पाणबुडी चालवायला मुलांच्या व्हिडिओ गेमचं हातातलं यंत्र वापरलं होतं, ही बातमी तर टवाळखोरांना आयतीच मिळाली. दोन कोटी मोजून स्वतःची कबर बघायला गेले, इथपासून श्रीमंतांना समुद्राने धडा शिकवला, इथपर्यंत मजल गेली. शोकसभा चालू असताना मांडवाबाहेर टाळ्या पिटाव्यात, तसा प्रकार.

हे निव्वळ क्रौर्य होतं, असं म्हणून मोकळं होता येईल. पण तसं नाही. कोविडची दोन-तीन वर्षं लोकांनी नोकऱ्या गमावून, माणसं गमावून काढली होती. त्याच काळात अब्जाधीश स्वतःच्या रॉकेटमधून अवकाशाच्या दारापर्यंत जाऊन येत होते. हार्डिंग स्वतः २०२२ मध्ये तसे जाऊन आले होते. भारतीयांचाही त्यांच्याशी एक धागा आहे बरं का! सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते भारतात आणण्यासाठी जे खास विमान आलं, ते त्यांच्याच कंपनीने पुरवलं होतं. तर असे हे हौशी, हिकमती लोक. त्यांच्या हौसेची किंमत ऐकूनच सामान्य माणसाचं डोकं फिरलं होतं. त्याला राग मरणाऱ्यांचा नव्हता, दराचा होता.

पण त्या रागाच्या तडाख्यात एकोणीस वर्षांचा सुलेमानही सापडला. तो जायला घाबरत होता, असं त्याच्या आत्याने वार्ताहरांना सांगितलं. आईने सांगितलं ते वेगळं: त्याला जायचंच होतं, म्हणून मी माझी जागा त्याला दिली. टायटॅनिकपाशी रुबिक क्यूब सोडवून विक्रम करायचा म्हणून तो क्यूब बरोबर घेऊन गेला होता. आई आणि बहीण वरच्या जहाजावर वाट बघत होत्या. कुणाचं खरं, यात शिरायचं कारण नाही. पण हे वाचल्यानंतर विनोद पुढे पाठवणारी बोटं थोडी तरी थबकली असतील का? काहींची थबकली. बऱ्याच जणांची नाही.

चार दिवस आधीची बोट

टायटन बुडण्याच्या चार दिवस आधी, १४ जूनच्या पहाटे, ग्रीसच्या पायलोस बंदरापासून सुमारे ८० किलोमीटरवर 'आद्रियाना' ही मासेमारीची जुनी बोट उलटली. लिबियातल्या तोब्रुकहून ती इटलीला निघाली होती. तीसेक मीटर लांबीच्या त्या बोटीत साडेसातशेपर्यंत माणसं कोंबली होती. पाकिस्तानी, इजिप्शियन, सीरियन, पॅलेस्टिनी. बायका-मुलं खालच्या खणात. वाचले १०४, त्यात एकही बाई नाही. मृतदेह मिळाले ८२. बाकीचे भूमध्य समुद्राच्या सर्वांत खोल भागांपैकी एका भागात गेले.

ही बोट हरवलेली नव्हती. युरोपीय संघाच्या सीमा-यंत्रणेच्या विमानाने तिला आदल्या दिवशीच पाहिलं होतं. ग्रीक तटरक्षक दलाचं जहाज काही तास तिच्या आसपास होतं. बोटीवरच्या लोकांनीच मदत नाकारली, त्यांना इटलीला जायचं होतं, असं ग्रीक अधिकारी म्हणाले. वाचलेल्यांपैकी अनेकांनी सांगितलं की, दोरी बांधून ओढताना बोट उलटली. म्हणजे इथे शोधायचं काही नव्हतंच. माणसं समोर होती.

योगायोग बघा. टायटन हरवल्याची बातमी जगभर पसरली ती सोमवारी, १९ जूनला. त्याच सोमवारी पाकिस्तानात राष्ट्रीय दुखवटा होता. पण तो दाऊद पिता-पुत्रांसाठी नव्हता. तो आद्रियानावरच्या माणसांसाठी होता. पाकिस्तानच्या गृहमंत्र्यांनी सांगितलं, त्या बोटीत आपले साडेतीनशेच्या आसपास लोक होते. पंजाबातल्या गुजरात, गुजरांवाला भागातले, पाकव्याप्त काश्मीरच्या कोटली जिल्ह्यातले तरुण. जमीन विकून, कर्ज काढून दलालाला पैसे भरलेले. त्यांनीही तिकीटच काढलं होतं. त्यांच्या घरच्यांना ओळख पटवण्यासाठी डीएनएचे नमुने द्यावे लागले.

एका देशाची दोन टोकांची माणसं, एकाच आठवड्यात, दोन समुद्रांत. एकीकडची पाच नावं आपल्याला वयासकट पाठ झाली. दुसरीकडचं एक तरी नाव तुम्हाला-आम्हाला सांगता येईल? अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा त्याच गुरुवारी अथेन्समध्ये होते. बुडालेल्या सातशेंपेक्षा या पाणबुडीकडे इतकं जास्त लक्ष जावं, ही स्थिती चालण्यासारखी नाही, अशा अर्थाचं ते बोलले.

तरीही सगळा दोष श्रीमंतीच्या मोहाला देता येत नाही. खाणीत अडकलेल्या गरीब मजुरांसाठीही जग असंच जागलेलं आहे. बंद जागा, मोजकी माणसं, संपत चाललेली हवा आणि 'अजून जिवंत असतील' ही आशा, एवढं असलं की माणूस बातमीला चिकटतो. आद्रियानाच्या बातमीत घड्याळ नव्हतं, थेट आकडाच होता. आणि असे आकडे भूमध्य समुद्रातून इतक्या वेळा आले होते की, लोकांची नजर त्यावरून घसरत गेली. हे समजू शकतं. पण पटत नाही.

१९१२ सालीही हेच

खुद्द टायटॅनिकची कहाणी काय वेगळी आहे? सुमारे दीड हजार माणसं मेली. पहिल्या वर्गातले साठ टक्क्यांच्या आसपास वाचले, तिसऱ्या वर्गातले जेमतेम पंचवीस टक्के. पण तेव्हाच्या अमेरिकन वृत्तपत्रांत मोठ्या अक्षरांत नाव आलं ते धनाढ्य जॉन जेकब अॅस्टरचं. 'मेसीज' या प्रसिद्ध दुकानाचे मालक इसिडोर स्ट्रॉस आणि त्यांना सोडून होडीत बसायला नकार देणारी त्यांची पत्नी आयडा, यांचं तर कौतुक आजही होतं. (स्टॉक्टन रशची पत्नी या स्ट्रॉस जोडप्याची वंशज!) १९१२ मध्ये मेलेले श्रीमंत वीर ठरले, २०२३ मध्ये थट्टेचा विषय. तिसऱ्या वर्गाचा हिशेब दोन्ही वेळा मागेच राहिला.

टायटॅनिकने एक चांगलं काम मात्र करून ठेवलं. त्या अपघातानंतर १९१४ मध्ये समुद्रावरच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. सगळ्यांना पुरतील इतक्या जीवरक्षक नौका हव्यात, हे तेव्हा ठरलं. आणि त्याच टायटॅनिककडे माणसं नेणारा रश नियमांना नावीन्याचा अडसर म्हणत होता! त्याने टायटनची कुठल्याही मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासणी करून घेतली नाही. प्रवाशांना प्रवासी म्हणायचं नाही, 'मोहीम तज्ज्ञ' म्हणायचं, म्हणजे प्रवासी-वाहतुकीचे नियम आड येत नाहीत. खोल समुद्रात धातूचा गोल वापरायची पक्की परंपरा. याने नळकांडं केलं कार्बन फायबरचं. ताण सोसायला हा पदार्थ उत्तम, पण बाहेरून वारंवार दाब आला की त्याचे थर आतून सुटू लागतात. जुलै २०२२ मध्ये टायटन वर येत असताना मोठा आवाज झाला होता. तरीही ती पुढच्या हंगामात उतरली. मधला हिवाळा तिने कॅनडाच्या बर्फात उघड्यावर काढला होता.

या अपघाताने ज्यांना धक्का बसला नाही, असेही लोक होते. कंपनीच्याच सागरी कामकाजाचा प्रमुख डेव्हिड लॉक्रिज याने २०१८ मध्ये धोके लेखी मांडले. त्याला काढून टाकलं. त्याच वर्षी मार्चमध्ये या क्षेत्रातल्या तीन डझनांहून अधिक जाणकारांनी चिंता व्यक्त करणारं पत्र तयार केलं. त्या वेळी त्यांच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. 'टायटॅनिक' चित्रपटाचे दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन स्वतः खोल समुद्रात अनेकदा उतरलेले. त्यांनी बोट ठेवलं ते नेमकं इथेच: हिमनगाचे इशारे मिळूनही पुढे जाणारा तो कप्तान आणि हा, यांत फरक काय?

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकन तटरक्षक दलाच्या चौकशी मंडळाचा तीनशेहून अधिक पानांचा अहवाल आला. हा अपघात टाळता आला असता, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. रश वाचला असता, तर त्याच्यावर फौजदारी कारवाईची शिफारस झाली असती, हेही. त्याच महिन्यात दोन भारतीयांनी फ्रान्सच्या 'नोतील' या यानातून अटलांटिकमध्ये पाच हजार मीटरपर्यंत बुडी मारली. नार्जोले १९८७ मध्ये टायटॅनिकवर गेले होते, ते याच यानातून. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेत तयार होत असलेल्या आपल्या 'मत्स्य ६०००' साठीचा हा सराव. तिघांना घेऊन सहा हजार मीटर खाली जायचं आहे. आपला गोल टायटॅनियमच्या मिश्रधातूचा आहे, कार्बन फायबरचा नाही.

टायटनचे तुकडे अपघातानंतर दहा दिवसांत, २८ जून २०२३ ला, कॅनडाच्या सेंट जॉन्स बंदरात उतरवले गेले. आद्रियाना तळाशीच आहे. तिच्यावरून वाचलेल्या नऊ इजिप्शियनांवरच ग्रीसने माणसांच्या तस्करीचा खटला भरला होता. मे २०२४ मध्ये कालामाता इथल्या न्यायालयाने तो आपल्या अधिकारकक्षेत येत नाही म्हणून निकालात काढला. वर्षभराने, मे २०२५ मध्ये, ग्रीक तटरक्षक दलाच्या १७ जणांवर आरोप ठेवण्यात आले.