दाईंचा अधिकार कुठवर?

डॉ. असगर अली इंजिनियर (1939–2013) यांच्यावर धर्मबुडवेपणाचा शिक्का मारणं सोपं नव्हतं. दाऊदी बोहरा समाजातल्या आमिलाचे, म्हणजे स्थानिक धर्मगुरूंचे, ते चिरंजीव. अरबी, तफसीर (कुराणाचं विवरण), फिक्ह (धर्मशास्त्र) वडिलांकडूनच शिकले आणि मग मुंबई महापालिकेत अभियंत्याची नोकरी केली. उदयपूरच्या बोहऱ्यांनी सय्यदनांच्या, म्हणजे समाजाचे सर्वोच्च धर्मगुरू असलेल्या दाईंच्या, एकछत्री कारभाराला आव्हान दिलं, तेव्हा इंजिनियर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. वादाची ठिणगी पडली होती पालिका निवडणुकीत! या सुधारकांनी दाईंचं धर्मपीठ नाकारलं नव्हतं. समाजाच्या पैशाचा हिशेब द्यावा आणि ऐहिक व्यवहारात हुकूम चालवू नये, एवढंच त्यांचं मागणं होतं.

या मागणीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप श्रद्धेतूनच येतो. गुप्त इमामांच्या वतीने दाई बोलतात, वयात येताना मुलंमुली निष्ठेची शपथ, म्हणजे मीसाक, घेतात. मग शपथ मोडणाऱ्याला बाहेर काढण्याचा हक्क दाईंना का नसावा? सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये बहुमताने हेच मान्य केलं आणि वाळीत टाकण्यावर बंदी घालणारा मुंबईचा 1949 चा कायदा रद्द ठरवला. पण बहिष्कार काही श्रद्धेपुरता थांबत नाही. सख्खे नातलग बोलणं टाकतात, सोयरिकी मोडतात, कबरस्तानात जागा मिळत नाही. शपथ धर्माची असली, तरी दंड संसाराला बसतो. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांनी आपल्या भिन्न मतात हेच दाखवलं होतं: वाळीत टाकलेला माणूस आपल्याच समाजात अस्पृश्य होतो.

‘सरकारने धर्मात नाक खुपसू नये,’ हेही म्हटलं जातं, आणि ते रास्तच आहे. दाई कोण, नमाज कशी, हे सरकारने ठरवू नये. मात्र प्रेत पुरू न देणं ही उपासना नव्हे. महाराष्ट्राच्या 2016 च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यात 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. जातपंचायत असो की जमात, तो सर्वांना लागू आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये घटनापीठाने 1962 च्या निकालाचा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला. तिथे सिन्हांचं मत उचलून धरलं जावं.