पोटमाळ्यावरची खेळणी आणि लिलावातला हातोडा

31 मे 2024 रोजी अमेरिकेतल्या हेरिटेज ऑक्शन्स या लिलावगृहात पावणेचार इंच उंचीचा एक प्लास्टिकचा बाहुला 5,25,000 डॉलरला गेला. तेव्हाच्या भावाने चार कोटी रुपयांच्याही वर. बाहुला ‘स्टार वॉर्स’मधल्या बोबा फेटचा, केनर कंपनीचा 1979 च्या सुमाराचा नमुना, पाठीवरचं रॉकेट खरोखर उडवणारा. अशी बातमी आली की घरोघर एकच वाक्य ऐकू येतं, ‘असलंच काहीतरी आमच्याकडे होतं, आईने भंगारवाल्याला देऊन टाकलं!’ अमेरिकेतही वेगळं नाही. लहानपणी आपण हाच रॉकेटवाला बोबा फेट खेळलो, असं छातीवर हात ठेवून सांगणारे तिथे अजून भेटतात.

त्यांच्याकडे तो नव्हता. कुठल्याच मुलाकडे नव्हता.

केनरने तेव्हा एक योजना काढली होती. चार खेळण्यांच्या वेष्टनावरच्या खुणा कापून टपालाने पाठवायच्या आणि हा नवा बाहुला फुकट मिळवायचा. जाहिरातीत रॉकेट उडणारं दाखवलं होतं. पण त्याच सुमाराला दुसऱ्या एका कंपनीच्या खेळण्यातलं छोटं क्षेपणास्त्र घशात अडकून एक मूल दगावलं. केनरने धसका घेतला, रॉकेट पाठीला पक्कं चिकटवून टाकलं आणि तसाच बाहुला मुलांना पाठवला. उडत्या रॉकेटचे मोजके नमुने कंपनीच्या आतच राहिले आणि पुढे तिथल्या माणसांमार्फत संग्राहकांपर्यंत पोचले. मुलांनी पाहिली होती ती जाहिरात. चाळीस वर्षांत तिचा आठवणीत बाहुला झाला.

लिलावातल्या डोळे दिपवणाऱ्या आकड्यांमागे बहुधा अशीच एखादी हकीकत असते. ती ठाऊक नसताना माळा उपसायला घेतला तर धुळीपलीकडे फारसं काही हाती लागत नाही.

सगळ्यात चिवट समज वयाचा. जितकं जुनं तितकं महाग, असं धरूनच लोक चालतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीच्या थुरिंगिया भागातल्या कारखान्यांनी चिनी मातीच्या डोक्याच्या बाहुल्या जगभर धाडल्या. त्यातल्या असंख्य अजून शाबूत आहेत, आणि शंभरी उलटूनही साधारण प्रतीच्या बाहुलीला मामुली किंमत येते. त्याच काळातली, केमर अँड राइनहार्ट कंपनीची 108 क्रमांकाच्या साच्यातली बाहुली मात्र सप्टेंबर 2014 मध्ये लंडनला बॉनहम्सच्या लिलावात 2,42,500 पौंडांना गेली. वय दोघींचं सारखंच. दुसरीचा साचा प्रयोग म्हणून बनवलेला होता आणि त्यातून निघालेली दुसरी बाहुली कुणाला सापडलेली नाही.

नुसती दुर्मिळताही पुरत नाही. ती वस्तू हवी असणारी निदान दोन माणसं एकाच वेळी समोरासमोर यावी लागतात, त्याशिवाय बोली चढत नाही. आणि खेळण्यांच्या बाबतीत ही माणसं बहुतेकदा आपलं स्वतःचं बालपण विकत घ्यायला आलेली असतात. हातात पैसा खेळू लागला की मग ते लहानपणी न मिळालेलं खेळणं शोधायला निघतात. म्हणून ‘स्टार वॉर्स’ किंवा ही-मॅनच्या बाहुल्यांवर आज उड्या पडतात, आणि आजोबांच्या पिढीने जिवापाड जपलेल्या साध्यासुध्या आगगाड्यांना गिऱ्हाईक शोधावं लागतं. आगगाडीत काही बिघडलेलं नसतं. तिच्यासाठी हट्ट केलेली मुलंच आता उरलेली नाहीत.

खोक्याबद्दलचा समज याच्या अगदी उलट, म्हणजे तुच्छतेचा. ‘खोक्याचं काय करायचंय?’ असं म्हणून ते पहिल्याच दिवशी फेकलं जातं. इंग्लंडच्या कॉर्गी कंपनीने 1965 मध्ये जेम्स बाँडची अॅस्टन मार्टिन गाडी काढली. सिनेमातली गाडी चंदेरी होती. चंदेरी रंगात खेळणं रंग न दिलेल्या धातूसारखं दिसेल म्हणून कॉर्गीने ते सोनेरी केलं. ते लाखोंनी खपलं, त्यामुळे नुसती गाडी आजही सहज मिळते. पण मूळ संच म्हणजे काय होतं ते पाहा. छत उघडून बाहेर उडणारा नखाएवढा खलनायक, तो हरवलाच तर आणखी एक सुटा खलनायक, ‘गुप्त सूचनां’चा कागद, छातीवर चिकटवायचा 007 चा बिल्ला आणि चित्राचं खोकं. सुटा खलनायक सोफ्याच्या फटीत गेला, बिल्ला त्याच दुपारी शर्टाला लागून धुण्यात संपला. हे सगळं जागच्या जागी असलेला संच आणि एकटी गाडी यांच्या भावात जे अंतर पडतं, त्यात धातूचा वाटा शून्य असतो.

कोरं करकरीत तेच मोलाचं, हा नियम मात्र सरसकट लावू नये. डिसेंबर 1994 मध्ये लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात ‘टेडी गर्ल’ नावाचं श्टाइफ कंपनीचं अस्वल 1,10,000 पौंडांना गेलं. ते कर्नल बॉब हेंडरसन यांनी तान्हेपणापासून जन्मभर सांभाळलेलं. हेंडरसन अस्वलप्रेमी म्हणून नावाजलेले होते, आणि अस्वलासोबत त्यांचे जुने फोटोही होते. वस्तू कुणाकडून कुणाकडे गेली याचा अखंड माग लागत असेल तर झिजलेल्या लोकरीचंही मोल होतं. माग नसेल तर ‘आमच्या पणजीचं आहे’ या वाक्याला लिलावाच्या यादीत जागा मिळत नाही.

साफसफाईचा उत्साह तर हमखास नडतो. आपल्याकडे पितळी भातुकली दिवाळीआधी चिंचेने घासून लख्ख करायची रीत आहे. घरात मांडायची तर खुशाल घासावी. विकायची असेल तर तिच्यावर वर्षानुवर्षं चढलेली छटा आणि पुसट कोरलेली अक्षरं याच तिच्या जुनेपणाच्या खुणा असतात, आणि चिंच नेमकी तिथेच काम करते. पत्र्याच्या मोटारीला नवा रंग लावला, फाटक्या खोक्याला सेलोटेप मारली, बाहुलीला नवे केस बसवले की संग्राहक पाठ फिरवतो. मूळ रंगाचा उडालेला टवका त्याला चालतो, वरून दिलेला चकचकीत रंग चालत नाही.

धातूचं म्हणजे टिकाऊ, हेही तितकंसं खरं नाही. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीच्या डिंकी गाड्या 1934 पासून त्या नावाने विकल्या जाऊ लागल्या. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या बऱ्याच गाड्या जस्ताच्या ज्या मिश्रधातूत ओतल्या त्यात शिशाची भेसळ राहून गेली. अशा गाडीला आतून बारीक तडे जातात, ती फुगते, वाकडी होते आणि एक दिवस हाताळताना तिचे तुकडे पडतात. यावर उपाय नाही. बंद कपाटात, डोळ्यांत तेल घालून जपलेली गाडीही यातून सुटत नाही.

‘खेळण्यांची कोण नक्कल करणार?’ या प्रश्नाचं उत्तर, बरेच जण. ‘स्टार वॉर्स’मधल्या जावा नावाच्या बुटक्या पात्राला 1978 मध्ये आधी प्लास्टिकचा झगा होता. एवढासा बाहुला आणि वर हा स्वस्तातला झगा, म्हणून केनरने लवकरच कापडी झगा घातला. खाली बाहुला तोच. म्हणजे झगा बदलला की किंमत कितीतरी पटींनी बदलते. मग दुसऱ्या बाहुल्यांचे प्लास्टिकचे झगे कापून जावाला चढवणारे निघाले यात नवल नाही.

अशा नकला ओळखायच्या काही युक्त्या मोठ्या सुबक आहेत. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात ओतीव लोखंडाच्या कळीच्या गुल्लकी निघत. नाणं ठेवलं की माकड किंवा शिकारी हलून ते आत ढकलायचा. नकलाकार अस्सल गुल्लकीचाच साचा घेऊन नवी ओततो, आणि तिथेच फसतो. वितळलेलं लोखंड थंड होताना आकसतं, त्यामुळे नक्कल मूळ वस्तूहून किंचित लहान भरते. जाणकार अस्सल गुल्लकीच्या तळाचा कागदावर काढलेला आराखडा जवळ ठेवतात आणि समोरची वस्तू त्यावर ठेवून बघतात. कडेने रेघ दिसली की बोलणं संपलं. खोकी आणि कापडासाठी अतिनील दिवा असतो. साधारण 1950 नंतर कागदात आणि कापडात शुभ्रता आणणारी रसायनं वापरात आली. ती या दिव्याखाली निळसर चमकतात. ‘1910 चं अस्सल अस्वल’ अंधारात शिवणीपाशी चमकू लागलं तर दोरा तरी नवा, नाहीतर अख्खं अस्वलच.

बार्बीच्या पाठीवर ‘1966’ असं साल दिसलं की अनेकांचा जीव सुपाएवढा होतो. ते साल बाहुलीच्या जन्माचं नव्हे, शरीराच्या त्या रचनेवरच्या हक्काचं. मॅटेलने तेच साल पुढे कित्येक वर्षं छापलं, त्यामुळे 1990 च्या दशकातल्या बार्बीवरही 1966 सापडतं. पहिली बार्बी आली मार्च 1959 मध्ये. तिच्या तळपायाला भोकं होती, उभ्या करायच्या चौथऱ्याच्या दांड्या त्यात बसायच्या. तेव्हा पाठ बघण्याआधी पाय बघावेत.

आणखी एक फसगत आता फोनवरच होते. संकेतस्थळावर कुणीतरी एखाद्या खेळण्यासमोर पाच लाख लिहिलेले दिसतात आणि आपल्याकडचंही तेवढ्याचंच, असं वाटू लागतं. मागितलेली किंमत कुणीही काहीही लिहू शकतं. झालेला सौदा तेवढा खरा. 1990 च्या दशकात अमेरिकेत बीनी बेबीज नावाच्या कापडी प्राण्यांचं वेड पसरलं होतं. टाय कंपनी एकेक प्राणी ‘निवृत्त’ करत असे, आणि आता हा पुन्हा मिळणार नाही या धास्तीने लोक पोत्याने घेऊन ठेवत. 1999 मध्ये लास व्हेगासच्या न्यायालयात घटस्फोट घेणारं एक जोडपं जमिनीवर उकिडवं बसून हे प्राणी एकेक करून वाटून घेत होतं, त्याचा फोटो जगभर छापून आला. आज त्यातल्या बहुतेकांना मूळ किमतीएवढेही पैसे येत नाहीत. संग्रहासाठी म्हणूनच विकलेली वस्तू सगळेच जपतात, मग ती दुर्मिळ व्हायची कशी? डायना राजकन्येच्या नावाचं जांभळं अस्वल मात्र अजूनही अधूनमधून कुणीतरी लाखोंना ‘विकायला’ काढतं.

समजा, एवढं सगळं जमून आलं आणि लिलाव झाला. बातमीत छापलेली रक्कम विकणाऱ्याच्या खिशात जाते का? नाही. हातोडा ज्या आकड्यावर पडतो त्यावर लिलावगृह खरेदीदाराकडून वेगळी रक्कम घेतं. तिला बायर्स प्रीमियम म्हणतात. बॉनहम्सच्या त्या बाहुलीवर हातोडा 2,00,000 पौंडांवर पडला, वरचे 42,500 पौंड प्रीमियमचे. शिवाय विकणाऱ्याकडूनही दलाली कापली जाते, कधी फोटो आणि विम्याचा खर्चही. उदाहरण म्हणून आकडे धरू. हातोडा एक लाखावर, प्रीमियम पंचवीस टक्के, दलाली पंधरा टक्के. बातमीत सव्वा लाख दिसतील आणि विकणाऱ्याला मिळतील पंच्याऐंशी हजार. शिवाय विकलं जाईलच याची खात्री नसते. विकणारा राखीव किंमत ठरवू शकतो. बोली तिथवर पोचली नाही तर वस्तू परत घरी, आणि एकदा न खपलेली वस्तू पुढच्या लिलावात सगळ्यांच्या लक्षात असते. डॉन लेव्हिन यांनी घडवलेला, जी. आय. जो या सैनिक बाहुल्याचा मूळ नमुना 2003 मध्ये असाच आधीच्या प्रयत्नात विकला गेला नाही. थोड्याच दिवसांनी, 7 ऑगस्टला, हेरिटेजच्या लिलावात त्याला 2,00,000 डॉलर आले.

या बाजारात भारतीय खेळण्यांना कोण विचारतं, असं वाटणाऱ्यांनी गोव्याकडे बघावं. मद्रासच्या एम. आर. एफ. आणि अमेरिकेच्या हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून निघालेल्या फनस्कूलने गोव्याच्या कारखान्यात जी. आय. जोचे बाहुले बनवले. साचे अमेरिकेचे, पण रंग इथले. मूळ हिरव्या गणवेशाचा सैनिक इथे भलत्याच रंगात निघे आणि हीच गंमत अमेरिकी संग्राहकांना आवडली. ब्लो प्लास्टच्या लिओ टॉइजने ही-मॅन, हॉट व्हील्स आणि बार्बी भारतात काढल्या, त्यांनाही परदेशात शोधणारे आहेत. डिंकीचे काही जुने साचे तर कलकत्त्याला येऊन ‘निकी टॉइज’ नावाने गाड्या निघाल्या. तळावरच्या ‘डिंकी’ अक्षरांच्या जागी ‘निकी’ आलं, रंगकाम जरा ओबडधोबड झालं. हे ऐकून लगेच हरखून जायला नको. फनस्कूलचे बाहुले 2000 नंतर पाकिटासकट घाऊक भावात अमेरिकेला गेले, त्यामुळे त्यातले पुष्कळ सहज मिळतात. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात हात, हत्यार आणि पाकीट गमावलेला ही-मॅन मिळाला तर तो आठवण म्हणून घ्यावा, ठेव म्हणून नव्हे.

उलट दिशेने, म्हणजे परदेशी लिलावातून खेळणं मागवायचं तर जकातीचा हिशेब आधी करावा. खेळण्यांवरची मूळ आयात जकात 2020 मध्ये वीसवरून साठ टक्के झाली आणि 2023 च्या अर्थसंकल्पात सत्तर. टपालखर्च आणि इतर कर वेगळे.

आणि घरातलं खेळणं खरोखरच शंभरी ओलांडलेलं असेल तर गाठ कायद्याशी. 1972 च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर किंवा त्याहून अधिक वर्षांची, कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. तिचा देशात धंदा करायला परवाना लागतो, खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. शंभरी न भरलेली पण जुनाट दिसणारी बाहुली जरी परदेशी लिलावाला धाडायची असेल, तरी सीमाशुल्क खात्याने ती अडवू नये म्हणून ‘ही पुरावस्तू नाही’ असं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं प्रमाणपत्र आधी काढून ठेवावं लागतं.