तिकिटाचे वय पाकीट सांगते

1 एप्रिल 1957 रोजी देशात दशमान चलन आले आणि नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेली, भारताच्या नकाशाची ‘नये पैसे’ तिकिटे टपालात आली. त्यातली पाच नव्या पैशांची दोन हिरवी तिकिटे शेजारी ठेवली, तर नकाशा तोच, अक्षरे तीच, किंमतही तीच. उलटी करून उजेडाशी धरली, की एकाच्या कागदात ताऱ्यांच्या रांगा दिसतात आणि दुसऱ्याच्या कागदात अशोकस्तंभाचे सिंह. ताऱ्यांच्या रांगांचे हे जलचिन्ह 1926 साली नाशिकची छपाई सुरू झाल्यापासून चालत आलेले होते. 1958पासून त्याची जागा अशोकस्तंभाने घेतली. वरवर एकच वाटणारे तिकीट म्हणजे ब्रिटिश राजवटीची खूण कागदातून पुसली जाण्याचा दस्तऐवज ठरते. म्हणून सारख्या दिसणाऱ्या तिकिटांतले भेद ओळखणे हे इतिहासाचे काम आहे, आणि ते पूर्ण व्हायचे तर तिकीट पाकिटावरच राहायला हवे.

भेद ओळखण्याची साधने अवघड नाहीत. कडेच्या छिद्रांचे माप दोन सेंटिमीटरमध्ये किती छिद्रे बसतात यावरून ठरते. ग्रॅव्ह्युअर छपाईत अक्षरांच्या कडा भिंगाखाली दातेरी दिसतात. ऑफसेटमध्ये त्या सरळ असतात आणि रंगीत चित्र बारीक ठिपक्यांच्या गुंफणीतून उभे राहते. अतिनील दिव्याखाली एक कागद निळसर उजळतो, दुसरा मंदच राहतो. 1979पासून आलेल्या शेती आणि विकास या विषयांच्या नेहमीच्या वापरातील तिकिटांत जलचिन्ह असलेले व नसलेले कागद आणि वेगवेगळी छिद्रमापे आढळतात, ती याच साधनांनी वेगळी काढता येतात. पण ‘हे दोन वेगळे आहेत’ इथवरच ही साधने नेतात. ‘कोणते आधीचे?’ याचे उत्तर त्यांच्याकडे नाही. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यावरचे 1993चे तिकीट हे स्मारक तिकीट. त्याचा प्रकाशनदिन जाहीर असतो, त्याबरोबर माहितीपत्रक निघते. रोजच्या वापराचे तिकीट मात्र वर्षानुवर्षे पुन्हापुन्हा छापले जाते, आणि मधेच कागद किंवा छिद्रण बदलले तर त्याचा समारंभ होत नाही. ती तारीख शोधायची, तर तिकिटावर आणि पाकिटावर मिळून उमटलेल्या टपालाच्या शिक्क्याकडेच जावे लागते.

शिक्का पुसट असेल तर पत्ता बोलतो. सोलापूरजवळच्या कुंभारीत विडी कामगार महिलांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली आणि 2006 साली तिचे लोकार्पण झाले. एखाद्या पाकिटावर या वसाहतीतले घर पत्ता म्हणून लिहिले असेल, तर ते पाकीट वसाहत वसण्यापूर्वीचे असणे कठीण. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल, तर ते 15 ऑगस्ट 1972च्या आधीचे नाही. ही पद्धत त्या दिवशी सुरू झाली आणि तिची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने केली. पत्त्यासारखाच टपालाचा दरही बोलतो. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी 15 नोव्हेंबर 1971पासून बहुतेक टपालावर 5 पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. त्यासाठी कुटुंबनियोजनाच्या तिकिटांवर नाशिकला अक्षरे छापली गेली, शिवाय काही ठिकाणी स्थानिक पातळीवर शिक्केही मारले गेले. रबरी शिक्का आजही कोणी बनवू शकतो. त्यामुळे सुटे तिकीट संशयातच राहते. तेच तिकीट पाकिटावर असेल, टपालाचा शिक्का दोन्हींवरून सलग गेला असेल आणि तारीख, दर, गाव यांचा मेळ बसत असेल, तर त्याचा शब्द खरा मानता येतो.

यावर पहिला आक्षेप असा, की हे भेद कारखान्यातले योगायोग आहेत. त्यांना भेद मानले तर प्रत्येक उडालेल्या रंगालाही मानावे लागेल. आक्षेप रास्त आहे, म्हणूनच कसोटी कडक हवी. उन्हाने रंग विटतो, पाण्याने उतरतो, कडा कातरता येतात, लहान तिकिटावर जलचिन्हाचा तुकडाच पडल्याने ते नसल्याचा भास होतो. छापखान्यातून बाहेर पडल्यावर घडू शकणारा फरक भेद मानू नये. जो अनेक नमुन्यांत पुन्हापुन्हा सापडतो आणि मोजता येतो, तोच मानावा. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: लोक तिकिटे पेटीत ठेवून वर्षांनीही लावतात, मग शिक्क्याची तारीख छपाईची कशी? ती छपाईची नव्हेच. शिक्का एवढेच सांगतो, की त्या दिवशी हा प्रकार अस्तित्वात होता. एक पाकीट ही केवळ वरची मर्यादा. पण वेगवेगळ्या गावांची शेकडो पाकिटे तारखेने लावली, की सर्वांत आधीची तारीख मागे सरकत सरकत छपाईच्या जवळ येते. तिसरा आक्षेप खाजगीपणाचा. त्याला उत्तर सोपे आहे: आतले पत्र घरातच राहावे, नाव झाकावे, गाव, पिनकोड, तिकीट आणि शिक्का एवढे पुरेसे आहे.

म्हणून हा अभ्यास मोठ्या शहरांतल्या लिलावगृहांवर सोडून चालणार नाही. तिथे जपले जाते ते दुर्मीळ तिकीट. छपाईची तारीख मागे सरकवणारे पाकीट मात्र कुंभारीसारख्या गावात, मनीऑर्डरच्या पावत्या आणि रेशनकार्डाबरोबर एखाद्या पत्र्याच्या पेटीत पडलेले असू शकते. त्याचा कोपरा कातरून तिकीट पाण्यात सोडले, की तिकीट हाती राहते आणि त्याची साक्ष जाते. घर आवरताना जुनी पाकिटे सापडली, तर कात्री बाजूला ठेवावी आणि आधी शिक्का वाचावा.