अंडी चार, पण उडणार किती?

उस्मानपुऱ्यातून पैठण रस्त्याला लागले की पन्नासेक किलोमीटरवर नाथसागर. जायकवाडी धरणाचे हे पाणी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. सुटीत मुलाबाळांना घेऊन आम्ही जातो ते रोहित बघायला. उथळ पाण्यात चोच बुडवून उभ्या असलेल्या उंच पक्ष्याला बगळा समजून पुढे निघतो. कधी कधी तो करकोचा असतो, उर्दूतला लकलक. नाव अरबीतून आले, चोचीच्या खटखटाटावरून. तुर्कस्तानात त्याला हाजी म्हणतात; दरवर्षी दक्षिणेकडे जातो तो हजलाच, अशी तिथली जुनी समजूत.

आपल्याकडचा देखणा करकोचा म्हणजे चित्रबलाक. पिवळी चोच, केशरी तोंड, शेपटीजवळ गुलाबी पिसे. त्याच्या घरट्यांची नावाजलेली वसाहत पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यातल्या भादलवाडी तलावात आहे. इंदापूर गावातल्या चिंचांवरही त्याची घरटी असतात.

मादी सहसा तीन-चार अंडी घालते, तीही एक-दोन दिवसांच्या अंतराने. उबवणे लवकरच सुरू होते, म्हणून महिन्याभराने पिल्लेही मागेपुढे बाहेर येतात. थोरले अंगाने भरलेले, धाकटे मरतुकडे. आईबाप मासे घरट्यात ओकतात आणि जो आधी झडप घालेल त्याचे पोट भरते. मासळी मुबलक असेल तर धाकटेही तगते. टंचाईत पहिला बळी त्याचाच. युरोपातल्या पांढऱ्या करकोच्यांत तर आईबापच कधी कधी सर्वांत लहान पिल्लू बाहेर फेकतात. ऐकून आम्हाला कसेसेच झाले. पण सगळीच उपाशी मरण्यापेक्षा दोन जगावीत, असा तो हिशेब आहे. म्हणून अंडी मोजून वीण साधली की नाही ते कळत नाही; दोन महिन्यांनी उडालेली पिल्ले मोजावी लागतात.

चित्रबलाक डोळ्यांनी नाही, स्पर्शाने शिकार करतो. अर्धवट उघडी चोच पाण्यात फिरवायची, मासा लागला की मिटायची. त्यामुळे पाणी उथळ आणि मासे दाटलेले हवेत. तलाव तुडुंब असला तरी अडचण, आटला तरी अडचण. घरट्याच्या झाडाखाली पाणी असले तर मांजर, कोल्हा वर पोचत नाही. उन्हात आईबाप पंख पसरून पिल्लांवर सावली धरतात.

आसाममध्ये हरगिला नावाचा भलामोठा करकोचा लोकांच्या खासगी झाडांवर घरटी करतो. घाण पडते, वास येतो, म्हणून झाडे तोडली जात. पूर्णिमादेवी बर्मन यांनी गावातल्या बायकांना जोडले. वीणीच्या दिवसांत त्या या पक्ष्यासाठी डोहाळजेवणासारखा सोहळा करतात, साड्यांवर हरगिला विणतात. २०२३ मध्ये हा पक्षी जागतिक यादीत ‘संकटग्रस्त’ गटातून बाहेर आला.

घरटी पाहायला जाल तर दुर्बीण न्या आणि मुलांना लांबच थांबवा. माणूस झाडाखाली गेला की मोठे पक्षी उडतात, आणि कावळ्याला अंडे पळवायला तेवढी सवड पुरते.