गावाची राखण खबरेवर

2024 च्या पावसाळ्यात पुणे, नगर, बीड या जिल्ह्यांतल्या कित्येक गावांनी रात्री आभाळाकडे बघत काढल्या. अंधारात ड्रोन घिरट्या घालतात, चोर आधी ड्रोननं घरं हेरतात आणि मग दरोडा घालतात, असा बोभाटा झाला होता. पोरं काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन पारावर बसू लागली. भीती किती खरी आणि किती वाढवलेली, हा प्रश्न बाजूला ठेवू. गाव जागं राहायला तयार असतं, एवढं त्या रात्रींनी दाखवलं. मात्र जागं राहून नेमकं करायचं काय, हे बहुतेक ठिकाणी ठरलेलं नव्हतं.

जुन्या गावगाड्यात हे ठरलेलं होतं. रामोशी, येसकर, जागल्या यांच्यावर राखणीचं काम होतं. म्हणजे गावाची झोप ठरावीक जातींच्या जागरणावर चालायची. वतनं गेली. 1967 च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमानं पोलीस पाटील नेमणुकीचा झाला. राखण आता कुणा एका जातीची नाही, सगळ्यांची आहे. आणि सगळ्यांचं काम ठरवून वाटलं नाही, तर ते कुणाचंच राहत नाही.

त्यासाठी कायद्यात सोय आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 मधल्या कलम 63-ब नुसार पोलीस अधीक्षकांना गावात ग्रामसुरक्षा दल उभं करता येतं. दलातल्यांची नावं ठाण्यात असतात, गस्तीच्या पाळ्या ठरतात, कुणी कुणाला कळवायचं हे आधीच माहीत असतं. दलाच्या जोडीला राज्यातल्या अनेक जिल्ह्यांत 'ग्रामसुरक्षा यंत्रणा' आली. तिची रचना अगदी साधी आहे. गावातल्या घराघरांतले मोबाइल नंबर नोंदवून ठेवायचे. संकट आलं की एकानं ठरलेल्या टोल-फ्री नंबरवर फोन करून आपल्याच आवाजात निरोप द्यायचा. तोच निरोप फोन कॉल होऊन साऱ्या गावाच्या खिशात एकाच वेळी वाजतो. स्मार्टफोन लागत नाही, इंटरनेट लागत नाही, वाचताही यावं लागत नाही. चोर आले, गंजीला आग लागली, पोर हरवलं, बिबट्या दिसला, ओढ्याला पूर आला, सगळ्याला हीच वाट.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपपेक्षा ही वाट बरी, कारण इथे निरोप कुणी दिला हे कळतं. खोटा निरोप देणारा लपत नाही. ग्रुपवर मात्र कुठला तरी जुना व्हिडिओ 'आपल्या भागातला' म्हणून फिरतो आणि पाठवणाऱ्याचा पत्ता लागत नाही.

असल्या अफवांची किंमत महाराष्ट्रानं मोजली आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. ते भिक्षुकीसाठी आलेले नाथपंथी डवरी गोसावी होते, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले. 16 एप्रिल 2020 च्या रात्री पालघरमधल्या गडचिंचले इथे चोर आल्याच्या अफवेनं तापलेल्या जमावानं दोन साधू आणि त्यांचा चालक यांना पोलिसांच्या डोळ्यांदेखत मारलं. दोन्ही गावं 'जागी' होती. अनोळखी माणूस दिसला की पुढे काय करायचं, याचा नियम मात्र नव्हता.

कायदा इथे स्पष्ट आहे. डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडत असेल, तर साध्या नागरिकालाही आरोपीला पकडता येतं; पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार सहा तासांच्या आत त्याला पोलिसांकडे द्यावं लागतं. नुसता संशय हा पकडण्याचा अधिकार नाही, आणि संशयावरून मारण्याचा अधिकार तर कुणालाच नाही. म्हणून गस्तीच्या पोरांना पहिला धडा हाच हवा: लांबून बघा, गाडीचा नंबर टिपा, 112 ला कळवा, पोलीस पाटलाला उठवा. काठी असलीच तर कुत्र्यासाठी.

शहरातल्या सोसायट्यांत दुखणं उलटं आहे. तिथे गर्दी जमत नाही, शेजारीच शेजाऱ्याला ओळखत नाही. दिवाळीत आणि मे महिन्याच्या सुट्टीत बंद घरं फुटतात, याचं मोठं कारण तेच. गावाला जाताना शेजारच्या काकूंना सांगून जाणं, दारापुढे दुधाच्या पिशव्या आणि वर्तमानपत्रं साचू न देणं, भाडेकरूची माहिती ठाण्यात देणं, एक तरी कॅमेरा गेटबाहेरच्या रस्त्याकडे वळवणं; यांतल्या बहुतेक गोष्टींना पैसाही लागत नाही.

घरापेक्षा मोठा धोका मात्र दाराबाहेर आहे. 2022 मध्ये राज्यात रस्ते अपघातांत 15,224 माणसं गेली, म्हणजे दिवसाला सरासरी 41 हून अधिक. इथेही पहिला पोचतो तो पोलीस नसतो, डॉक्टर नसतो. शेजारच्या शेतातला माणूस, ढाब्यावरचा आचारी किंवा पेट्रोल पंपावरचा पोरगा असतो. हे ओळखून महामार्ग पोलिसांनी 1 मार्च 2021 पासून 'मृत्युंजय दूत' योजना सुरू केली. अपघातप्रवण जागांजवळच्या अशा लोकांचे गट करायचे, त्यांना प्रथमोपचार शिकवायचे, स्ट्रेचर द्यायचं आणि जवळच्या रुग्णालयांचे नंबर हाताशी ठेवायचे.

शिकवायचं तसं थोडंच आहे. जखमीला हातपाय धरून उचलू नये. मान आणि पाठ सरळ राहील असं चौघांनी मिळून उचलावं. रक्त वाहतंय तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावं. पाणी पाजू नये. 108 ला फोन करताना गावाच्या नावाबरोबर किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगावा. पहिल्या तासाभरात उपचार मिळाले तर कित्येक जीव वाचतात.

'पोलिसांची कटकट नको' म्हणून लोक थांबत नाहीत, ही भीतीही आता निराधार आहे. सर्वोच्च न्यायालयानं 30 मार्च 2016 रोजी मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले आणि 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम 134-अ आलं. जखमीला रुग्णालयात नेणाऱ्यावर नाव सांगण्याचीसुद्धा सक्ती नाही. केंद्राच्या 'राहवीर' योजनेत तर गंभीर जखमीला तासाभरात पोचवणाऱ्याला 25,000 रुपयांचं बक्षीस आहे.

अपघात झाल्यावर धावण्याआधी तो टाळताही येतो, आणि धोक्याची जागा गावाला सरकारी कागदाच्या आधी ठाऊक असते. 500 मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत दहा बळी, किंवा मृत्यू वा गंभीर इजा झालेले पाच अपघात, असा ढोबळ हिशेब जुळला की महामार्गावरची जागा 'ब्लॅक स्पॉट' ठरते. पण वळणावरची बाभळीची फांदी, न रंगवलेला गतिरोधक, विझलेला दिवा यांसाठी दहा बळींची वाट कशाला बघायची? तारीख, वेळ आणि जागा टिपलेली साधी वही घेऊन ग्रामपंचायत बांधकाम खात्याकडे गेली, तर तक्रारीला वजन येतं. गाळपाच्या हंगामात प्रत्येक ऊस ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर आहे का, हे गावच तपासू शकतं. 31 ऑक्टोबर 2022 रोजी सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ कार्तिकी वारीला निघालेल्या दिंडीत मोटार घुसून सात वारकरी गेले. दिंडीच्या पुढे-मागे चमकत्या पट्ट्यांचं जाकीट घातलेला माणूस चालवणं, हे तर दिंडीप्रमुखाच्याच हातातलं काम आहे.

घर असो की रस्ता, मदत पोचेपर्यंतची पहिली काही मिनिटं शेजाऱ्यांची असतात. ती धावाधावीत जातात की उपयोगी पडतात, हे आधीच्या तयारीवर ठरतं. येत्या ग्रामसभेत किंवा सोसायटीच्या बैठकीत तीन विषय मांडा: गस्तीची यादी, निरोपाची वाट आणि धोक्याच्या जागांची वही. तिन्हींची जबाबदारी नावानिशी वाटून द्या आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या.