पॅरिसमधील अमेरिकन लेखक : परदेशवास आणि आत्मभान

परदेशात राहून लिहिणाऱ्या लेखकाचा विचार साहित्याभ्यासात सामान्यतः ‘निर्वासित’ आणि ‘प्रवासी’ या दोन कोटींच्या आधारे केला जातो. विसाव्या शतकात पॅरिसमध्ये राहिलेले अमेरिकन लेखक या दोहोंपैकी एकीतही नीट बसत नाहीत. त्यांना कोणी देशाबाहेर घालवले नव्हते, आणि ते केवळ पाहुणेही नव्हते. स्वेच्छेने पत्करलेल्या या परदेशवासाचे स्वरूप समजून घेण्यासाठी त्याचे दोन टप्पे वेगळे करावे लागतात.

पहिला टप्पा दोन महायुद्धांच्या दरम्यानचा. गर्ट्रूड स्टाइन १९०३ पासूनच पॅरिसमध्ये होत्या; परंतु अमेरिकनांचा खरा ओघ सुरू झाला तो पहिल्या महायुद्धानंतर. त्यामागील एक कारण निखळ आर्थिक होते. युद्धापूर्वी एका डॉलरला सुमारे ५ फ्रँक मिळत. जुलै १९२६ मध्ये हा दर ५० फ्रँकच्या जवळ पोहोचला. दुसरे कारण नैतिक निर्बंधांचे होते. जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’चे अंश छापल्याबद्दल ‘लिटल रिव्ह्यू’च्या संपादिकांना न्यूयॉर्कमध्ये १९२१ साली दंड झाला, तीच कादंबरी १९२२ साली सिल्व्हिया बीच या अमेरिकन स्त्रीने आपल्या ‘शेक्सपिअर अँड कंपनी’ या पॅरिसमधील पुस्तकदुकानातर्फे प्रसिद्ध केली. या पिढीतील बहुतेकांचा फ्रेंच समाजाशी संबंध मात्र मर्यादित राहिला. भोवती परभाषा असल्यामुळेच आपल्याला आपल्या इंग्रजीशी एकांत साधता येतो, अशी भूमिका स्टाइन यांनी १९३३ च्या आपल्या पुस्तकात मांडली आहे. म्हणजे परके शहर येथे लेखनाला अनुकूल अशी पार्श्वभूमी ठरते. लेखकाच्या ओळखीला त्याने फारसा धक्का लागत नाही.

दुसऱ्या टप्प्यात हा धक्काच केंद्रस्थानी येतो. रिचर्ड राइट १९४६ मध्ये प्रथम पॅरिसला गेले आणि पुढच्याच वर्षी तेथे स्थायिक झाले. चोवीस वर्षांचे जेम्स बॉल्डविन नोव्हेंबर १९४८ मध्ये अवघे ४० डॉलर घेऊन तेथे उतरले. चेस्टर हाइम्स १९५३ मध्ये आले. अमेरिकेच्या दक्षिणेत वर्णविभाजन तेव्हा कायद्याने चालू होते. पॅरिसच्या कॅफेत मात्र या लेखकांना कोणी अडवत नव्हते. तथापि या मोकळेपणाचा अर्थ काय, हा प्रश्न बॉल्डविन यांना लवकरच पडला. डिसेंबर १९४९ मध्ये हॉटेलातील चोरीच्या चादरीच्या प्रकरणात त्यांना अटक झाली आणि काही दिवस तुरुंगात काढावे लागले. या अनुभवावरील १९५५ च्या निबंधात त्यांनी नोंदवलेले निरीक्षण महत्त्वाचे आहे. फ्रेंच पोलिसांच्या दृष्टीने ते आधी अमेरिकन होते. तरीही न्यायालयात आरोपीच्या फजितीवर उमटलेले हसू त्यांना मायदेशातल्यासारखेच वाटले. सत्तेपासून दूर असलेल्यांना हसणाऱ्यांचा वर्ग सर्वत्र असतो, हे त्यांना पॅरिसने शिकवले.

अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धाने (१९५४–१९६२) हा प्रश्न अधिक तीव्र केला. परकीयाचे वास्तव्य यजमान शासनाच्या मर्जीवर अवलंबून असते. त्यामुळे फ्रेंच धोरणावर जाहीर टीका करणे अमेरिकन लेखकांना अवघड होते. विल्यम गार्डनर स्मिथ यांच्या ‘द स्टोन फेस’ (१९६३) या कादंबरीने ही कोंडी फोडली. तिच्या कृष्णवर्णीय नायकाला एक अल्जीरियन माणूस ‘गोरा’ म्हणून संबोधतो, आणि पॅरिसमधील आपली प्रतिष्ठा सापेक्ष आहे हे त्याला उमगते. १७ ऑक्टोबर १९६१ रोजी पॅरिस पोलिसांनी अल्जीरियन निदर्शकांची केलेली हत्या या कादंबरीत येते. तिचा फ्रेंच अनुवाद २०२१ साली, म्हणजे तब्बल अठ्ठावन्न वर्षांनी प्रसिद्ध झाला, हेही अर्थपूर्ण आहे.

मराठी अभ्यासकाला येथे एक उलट दिशेचा प्रवास आठवल्याशिवाय राहत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते. अमेरिका व युरोप येथील वास्तव्यात आपण अस्पृश्य असल्याची जाणीवच पुसली गेली होती आणि १९१७ मध्ये बडोद्यात राहायला जागा शोधताना ती परत आली, असे त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिजा’ या आत्मपर लेखनात सांगितले आहे. ज्या देशाने आंबेडकरांना हा मोकळेपणा दिला, तोच देश बॉल्डविन यांना सोडावा लागला. यातून दिसते ते असे की, कलंक त्या त्या समाजरचनेचा असतो; व्यक्ती त्या रचनेबाहेर गेली की तो काही काळ निष्प्रभ होतो. परंतु यजमान समाजाचाही स्वतःचा बहिष्कृत वर्ग असतो, आणि पाहुण्याला मिळणारी समता त्या वर्गाला मिळतेच असे नाही.

‘दलित पँथर’ने १९७२ मध्ये अमेरिकेतील ‘ब्लॅक पँथर’वरून नाव घेतले, तेव्हापासून दलित व आफ्रिकन-अमेरिकन साहित्याची तुलना प्रामुख्याने विद्रोहाच्या अंगाने होत आली आहे. परदेशवास हे तिचे दुसरे अंग होऊ शकते. बॉल्डविन १९५७ मध्ये नागरी हक्कांच्या चळवळीसाठी अमेरिकेत परतले, आंबेडकरही परतले; राइट १९६० मध्ये पॅरिसमध्येच निवर्तले. परतणे आणि न परतणे या दोन्ही निर्णयांमागे, दूरच्या शहराने दाखवलेल्या मोकळेपणाचे मायदेशी काय करायचे, हाच प्रश्न उभा होता.