पोरगं फौजेत घालायचं, पण कोणत्या दलात?



आपटा हे गाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलेले नसेल. रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात, पनवेलहून रोह्याला जाणाऱ्या रेल्वेवर हे छोटेसे स्टेशन आहे. जवळच कर्नाळ्याचा डोंगर, कडेने पाताळगंगा. १९९५ साली आलेल्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ या सिनेमाचा शेवटचा रेल्वेचा प्रसंग याच स्टेशनात चित्रित झाला, एवढीच काय ती त्याची प्रसिद्धी. माझी बहीण तिथे असते. आमचे दाजी मूळचे आपल्याच भागातले, पण रसायनीला नोकरी लागली आणि ते आपट्यालाच राहिले. गावाकडे भावांच्या वाटणीत त्यांना दीड एकर ऊस आला, तो भाऊच बघतात.

गेल्या सुट्टीत तिथे गेलो तर घरात वाद चाललेला. भाचा बारावी सायन्स झालेला. फौजेत जायचे हे बापलेकांत ठरलेले होते. पण दाजींचे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीत हवालदार होते, म्हणून दाजींचे म्हणणे, “आपल्या घराण्यात बेळगावच. पाण्यातली नोकरी आपली नव्हे.” भाचा म्हणतो, “मामा, उरण इथून हाकेवर आहे. नेव्हीची पोरं मी रोज बघतो. मला इंजिनात काम करायचंय.” बहीण म्हणाली, “दादा, तूच सांग काय ते.” मी लगेच काही सांगितले नाही. नंतर माजी सैनिकांशी बोललो, जाहिराती वाचल्या. त्यातून जे समजले ते सभासदांपुढे ठेवावेसे वाटले, कारण हा वाद उद्या आपल्याही ओसरीवर होणार आहे.

प्रथम दाजींची बाजू. बेळगावचा अभिमान पोकळ नाही. १७६८ पासूनची ही पलटण. रायगडचाच दाखला द्यायचा तर पळसगावचे नाईक यशवंत घाडगे. दुसऱ्या महायुद्धात इटलीत १० जुलै १९४४ रोजी त्यांच्या तुकडीतले जवळपास सगळे जवान पडले, तेव्हा त्यांनी एकट्याने शत्रूच्या मशिनगनवर चाल केली आणि तिथेच देह ठेवला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे. ज्या मुलाला मोकळे रान, चालणे, धावणे आणि चार सोबती लागतात, त्याला पायदळासारखे ठिकाण नाही.

परंतु आपण आर्मी म्हटले की फक्त बंदूक डोळ्यांपुढे आणतो, ते बरोबर नव्हे. आर्मी म्हणजे दहा धंद्यांचे गाव आहे. आपल्याच राज्यात बघा ना. नाशिक रोडला तोफखान्याचे केंद्र आहे, अहिल्यानगरला (पूर्वीचे अहमदनगर) रणगाड्यांचे, पुण्यात खडकीला बॉम्बे सॅपर्सचे. सॅपर म्हणजे पूल बांधणारा, रस्ता करणारा, सुरुंग पेरणारा आणि काढणारा. कारवारकडचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे याच बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी या वाटेवर शत्रूने सुरुंग पेरले होते, झाडे पाडून रस्ता अडवला होता. राण्यांनी जखमी असताना, वरून गोळ्या येत असताना, सतत तीन-चार दिवस तो रस्ता मोकळा केला, म्हणून आपले रणगाडे पुढे जाऊ शकले. त्यांना परमवीर चक्र मिळाले. या पदकाचे हयात असताना मानकरी झालेले ते पहिले. तेव्हा ज्या पोराचा हात हत्याराला बसतो त्याने आर्मीत जाऊ नये असे अजिबात नाही. फक्त अर्ज करताना ‘जनरल ड्युटी’ आणि ‘टेक्निकल’ यांतला फरक त्याला ठाऊक पाहिजे. जनरल ड्युटीला दहावी चालते. टेक्निकलला बारावी सायन्स किंवा आयटीआय लागते. आमच्या गावात बारावी सायन्स झालेली पोरे सरसकट जनरल ड्युटीचा फॉर्म भरतात, कारण मित्राने भरलेला असतो!

आता भाच्याचे आरमार. देशावरचा माणूस समुद्राला परका समजतो. वास्तविक मराठी माणसाला आरमार नवे नाही. शिवछत्रपतींनी ते उभे केले, कान्होजी आंग्र्यांनी कुलाब्याहून गाजवले. नौदलाचे मुंबईतले ठाणे आंग्र्यांच्याच नावाचे आहे, आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलाला जो नवा ध्वज मिळाला त्यातली अष्टकोनी चौकट महाराजांच्या मुद्रेवरून घेतलेली आहे. पण नावाचे सोडा, कामाचे बघू. नौदलाच्या इंजिनखात्याचे शिक्षण लोणावळ्याला ‘आयएनएस शिवाजी’ येथे होते. विक्रमादित्य या विमानवाहू जहाजात आठ बॉयलर आहेत आणि वाफेच्या टर्बाइनवर ते चालते. बॉयलर आणि टर्बाइन म्हणजे काय हे आपल्या सभासदांना मी सांगायला नको, गाळप हंगामात बॉयलर बसला की गाड्या कशा अड्ड्यावर तुंबतात हे आपण भोगले आहे. नवी विक्रांत मात्र वाफेवर नाही, गॅस टर्बाइनवर चालते. इंजिन, वीज, वेल्डिंग, रेडार, स्वयंपाक, हिशोब, सगळे एका लोखंडी गावात भरलेले. तोटाही तसाच. घर महिनोन् महिने दिसत नाही, झोपायला अरुंद बंक, समुद्र लागतो तो वेगळाच. आणि १९७१ साली ९ डिसेंबरला खुकरी बुडाली तेव्हा १८ अधिकारी आणि १७६ खलाशी तिच्याबरोबर गेले, हेही आईबापांनी माहीत असू द्यावे.

हवाई दलाबद्दल थोडक्यात. तिथे जाणारा प्रत्येक जण विमान उडवत नाही. वैमानिक हा अधिकारी असतो. भरती होणारे जवान विमानांची देखभाल, दळणवळण, भांडार अशी कामे करतात, आणि त्यांचे शिक्षण बेळगावजवळ सांबऱ्याला होते. गणित, भौतिकशास्त्र आणि इंग्रजी बरे असेल त्या मुलाने इकडे बघावे. नोकरी बहुधा विमानतळावर, म्हणजे ठाण्यावरची.

हे झाले आवडीचे. पण आता एक गोष्ट बदलली आहे, आणि दाजींशी माझे बोलणे तिथेच जाऊन थांबले. पूर्वी जवान कुठल्याही शाखेत असला तरी पंधरा वर्षे भरली की पेन्शन ठरलेली. त्यामुळे शाखा कोणती याला घरच्यांच्या लेखी फारसे महत्त्व नव्हते. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. त्या घोषणेप्रमाणे मुदत चार वर्षांची. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, त्यातले हातात २१,०००. बाकीचे निधीत जातात, आणि सरकार तेवढेच घालते. चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार एकरकमी. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. कायम सेवेत घ्यायचे ते २५ टक्क्यांपर्यंत. चार वर्षांत लग्नही करता येत नाही.

म्हणजे हिशोब असा की चार पोरांतली तीन पोरे बाविशी-पंचविशीत घरी परत यायची. आली की काय करायचे? दीड एकर उसावर आणि अकरा लाखांवर जन्म निघत नाही. ट्रॅक्टर घेतला की पैसे संपले. मग त्याच्या हातात काय उरते तर फौजेने शिकवलेले काम. ज्याने चार वर्षे डिझेल इंजिन उघडले, वायरिंग केले, जहाजाचे पंप सांभाळले, त्याला पुढे काही तरी दार आहे. नौदलातील अग्निवीरांना व्यापारी जहाजांवर जाता यावे म्हणून नौवहन खात्याने जून २०२२ मध्येच सवलती जाहीर केल्या. साखर कारखान्यालाही असे हात लागतात, अर्थात बॉयलरवर उभे राहायचे तर त्याची वेगळी परीक्षा द्यावीच लागते. ज्याने फक्त रायफल सांभाळली त्याला शिस्त आणि ताकद मिळते, पण बाहेर बहुतेक ठिकाणी त्याच्यापुढे चौकीदारीच ठेवली जाते. पायदळाला मी कमी लेखत नाही, लढाई शेवटी तेच जिंकते. परंतु ज्याला पायदळातच जायचे आहे त्याने पंचवीस टक्क्यांत येण्याच्याच जिद्दीने जावे, आणि पुढे पोलीस व निमलष्करी दलांच्या भरतीचाही विचार आतापासून ठेवावा.

दाजींना मी एवढेच म्हटले, “दाजी, तुमच्या वडिलांनी बेळगाव निवडले तेव्हा पंधरा वर्षांची हमी होती. पोराला आज ती नाही. तुम्ही त्याचे हात बघा, आजोबांचा फोटो बघू नका.” दाजी काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पोहायला येतं का त्याला विचारा आधी.” भाच्याला येते, पाताळगंगेच्या कृपेने.

मनासारखी शाखा मिळेलच असे मात्र नाही. गुण, जागा आणि दलाची गरज बघून ती ठरते. म्हणून तिन्ही दलांच्या जाहिराती बघाव्यात. वयाची अट जाहिरातीतच वाचावी, ती बदलत असते. डोळे आधी तपासून घ्यावेत, विशेषतः रंग ओळखता येतात का ते. दोन-दोन वर्षे धावून शेवटी डोळ्यांनी बाद झालेली पोरे मी पाहिली आहेत.

ज्यांची मुले अभ्यासात पुढे आहेत त्यांनी खडकवासल्याच्या एनडीएचा विचार करावा. तिथेही अर्जातच दलाची पसंती लिहावी लागते. आर्मीला बारावी कोणत्याही शाखेची चालते, पण नौदल व हवाई दलाला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित पाहिजे. म्हणजे निवड अकरावीला प्रवेश घेतानाच झालेली असते, आणि आपल्याला पत्ता नसतो. तयारीसाठी छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून शासनाची संस्था आहे. मुलींनाही एनडीए २०२२ पासून खुली झाली, आणि मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. लेकींच्या बापांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

भरती फुकट असते. अमुक साहेब ओळखीचा आहे, दोन लाख द्या, असे म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नये. दहावीच्या प्रमाणपत्रावरचे नाव, आधारवरचे नाव आणि बापाचे नाव अक्षरशः सारखे आहे का ते आजच बघून ठेवावे. रहिवासी व जातीचा दाखला काढायला तहसीलला वेळ लागतो. सातबारा लागत नाही.